राखाडी लोगो आणि चौदा हजार ओळी

थंडोबाला हे नाव त्याच्या ताईने ठेवलं, तो सात वर्षांचा असताना. घरात आरडाओरडा होऊ दे, माळ्यावरून भांडी पडू देत, हा आपला जागचा हलायचा नाही. पुढे तो आरोग्य खात्याच्या दुरुस्ती कारखान्यात फ्रिजचा मेकॅनिक झाला, आणि हजेरीपट सोडला तर त्याचं खरं नाव कुठे उरलंच नाही.

दवाखान्यांतले लसींचे फ्रिज दुरुस्त करणं हे त्याचं काम. लस म्हणजे भलतं नाजूक प्रकरण. तिला दोन ते आठ अंशांतच ठेवावं लागतं. त्याच्या वर गेली की बाटली दिसायला तशीच दिसते, पण आत काही राम उरत नाही. आणि फ्रिज बिघडतो कधी? आपण शेजारी उभे असताना? छे! सुट्टी लागली, दाराला कुलूप पडलं, की याच्या पोटात दुखायला लागतं. मग सोमवारी सकाळी नर्स दार उघडते आणि कपाळावर हात मारून घेते. हे बघून बघून थंडोबा विटला आणि त्याने स्वतःच शिकून एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं ‘पहारा’. फ्रिजमध्ये बोटभर सेन्सर, बाहेर बॅटरीवर चालणारी काडेपेटीएवढी डबी, आत गरम झालं की नर्सला फोन. उचलेपर्यंत वाजत राहायचा. बस, एवढंच.

हा प्रोग्राम त्याने कुलपात ठेवला नाही. आतली ओळन् ओळ इंटरनेटवर उघडी टाकली. बघा, वापरा, बदला, फक्त जे बदलाल तेही असंच उघडं ठेवा. याला ओपन सोर्स म्हणतात. उघडं दार बघून माणसं जमली. कुठले कुठले मेकॅनिक, नर्सा, कॉलेजात शिकवणारे, निवृत्त होऊन घरच्यांच्या डोक्यावर बसलेले. प्रत्येक फ्रिजचा स्वभाव निराळा असतो. एखादा दार उघडताच तापतो, एखादा वीज गेली तरी तासन् तास धीर धरतो. तर ज्याच्या हाताखाली जो फ्रिज, त्याने त्याच्या स्वभावाची एक फाइल लिहायची आणि सगळ्यांसाठी ठेवून द्यायची. या फाइलीला सगळे कुंडली म्हणत. नऊ वर्षांत दोनशे बारा कुंडल्या जमल्या आणि नऊशे दवाखान्यांत पहारा बसला.

या मंडळींचा एक नियम होता आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! कुठलाही बदल असो, तो सात दिवस चव्हाट्यावर ठेवायचा. पहारा वापरणाऱ्या कोणाही माणसाला हरकत घेता येईल. एकाने जरी हरकत घेतली तरी ती मिटेपर्यंत बदल दारातच उभा. हरकत नसेल, आणि दोन जाणत्यांनी वाचून होकार दिला, तर बदल आत. थंडोबा हे नवख्यांना इतक्या वेळा समजावून सांगे की त्याची बायको स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य पुरं करी.

अशा या उघड्या दारातून एक दिवस कंपनी आली.

कंपनी फ्रिज बनवायची, दवाखान्यांचे, मोठाले, चकचकीत. तिने एक माणूस पाठवला. त्याच्या कार्डावर हुद्दा छापला होता, ‘समुदाय स्नेह प्रमुख’. थंडोबाने ते कार्ड उलटसुलट करून बघितलं, दुसऱ्या बाजूला काही वेगळं लिहिलंय का म्हणून. नव्हतं. स्नेहप्रमुख दुरुस्ती कारखान्यात आला, उघड्या कॉम्प्रेसरांमधून पँट सांभाळत चालला, तेलकट स्टुलावर बिनदिक्कत बसला आणि म्हणाला, “सर, तुम्ही जे केलंय ना, ते आमच्या दीडशे इंजिनिअरांना जमलं नाही.”

बावीस वर्षांच्या नोकरीत थंडोबाला कोणी सर म्हटलं नव्हतं. खात्यातले साहेब ‘अरे’ म्हणत, नर्सा ‘भाऊ’ म्हणत, आणि ताई काय म्हणत असे ते वर आलंच आहे. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्नेहप्रमुखाने मग भागीदारी मांडली. कंपनीच्या नव्या फ्रिजात पहारा बसूनच येईल, कंपनीचे इंजिनिअर कोड लिहायला मदत करतील, प्रोग्राम आहे तसाच उघडा राहील, नियम तुमचेच. “आम्ही पाहुणे, सर. घर तुमचं.”

मंडळींच्या चर्चेच्या फोरमवर बातमी गेली आणि रणधुमाळी माजली. या फोरमवर शंकासुर नावाचा एक गृहस्थ होता. कुठेतरी प्रयोगशाळेत उपकरणं तपासायची नोकरी करी आणि उरलेला वेळ लोकांवर संशय घेण्यात घालवी. थंडोबाच्या खालोखाल जाणता तोच. त्याने पहिल्याच दिवशी लिहिलं, “कंपनी आली म्हणजे काळंबेरं असणारच. डोळ्यात तेल घालून बघा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी डोळ्यात तेल घातलं. आणि मग कंपनीने दोन बदल एकाच दिवशी चव्हाट्यावर ठेवले.

पहिला बदल एका ओळीचा. पहाराच्या पडद्यावर, खाली कोपऱ्यात, कंपनीचा निळा लोगो.

दुसरा बदल चौदा हजार ओळींचा. नाव होतं, ‘अंतर्गत सुधारणा आणि सुसूत्रीकरण’.

आता बघा हं, कशी गंमत असते. लोगो कोणालाही दिसतो. निळा म्हणजे निळा, त्यावर कोणालाही बोलता येतं. तिसऱ्या तासाला तलवारी बाहेर आल्या. निळा रंग म्हणजे कंपनीची गुलामी, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने विचारलं, मग हिरवा चालेल का? तिसरा म्हणाला, हिरवा म्हणजे ‘तापमान ठीक’ असा घोटाळा होईल. कोणी उजव्या कोपऱ्याऐवजी डावा सुचवला. कोणी लोगोची उंची पट्टीने मोजून फोटो टाकला. एक निवृत्त प्राध्यापक तर एका साध्या प्रश्नाला तीन पानी उत्तर लिहून वर ‘हे थोडक्यात’ म्हणाले. शंकासुराने एकट्याने चौतीस संदेश लिहिले. अकरा दिवस हे चाललं, एकशे सत्त्याऐंशी संदेश झाले, दोघांनी रागारागाने समुदाय सोडला, एकजण परत आला. थंडोबा जेवताना मध्येच उठून उत्तरं लिहायचा. शेवटी कंपनीने सपशेल माघार घेतली. लोगो राखाडी होईल. वीस ठिपके उंच. बोट लावलं तरच दिसेल.

काय तो आनंद! कंपनीला नमवलं म्हणून फोरमवर टाळ्यांचे, फुग्यांचे, भुवया उंचावलेल्या चेहऱ्यांचे पूर आले. थंडोबाने बायकोला सांगितलं, “एवढी मोठी कंपनी, पण आमच्यापुढे झुकली.” ती म्हणाली, “बरं झालं. आता ताट तरी पुरं कर.”

त्या गडबडीत दुसऱ्या बदलाचे सात दिवस केव्हाच संपून गेले होते. त्यावर एकही हरकत नव्हती. चकार शब्द नव्हता. शंकासुराने तो उघडला, चौदा हजारांचा आकडा बघितला, आणि मनाशी म्हणाला, थंडोबा सगळं बारकाईने वाचेलच. त्याने लिहिलं, “नजर टाकली. ठीक वाटतंय.” दोन दिवसांनी थंडोबाने तो उघडला. खाली शंकासुराचा होकार. स्वतःच्या सावलीवर संशय घेणाऱ्या माणसाने ठीक म्हटलंय, म्हणजे त्याने ओळन् ओळ चाळली असणार! थंडोबा दमलेला होता, विजयी होता, आणि त्याला झोपायचं होतं. त्याने ‘मंजूर’ दाबलं.

इथे कोणी खलनायक शोधत असेल तर त्याने शोधत बसावं.

पुढे दोन महिने सगळं गोडीगुलाबीचं होतं. कंपनीने थंडोबाला एका परिषदेत बोलावलं, गळ्यात पट्टा अडकवला, मंचावर उभं केलं आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तो फोटो त्याने ताईला पाठवला.

ताईची ओळख आता करून द्यायला हवी. ती एका छोट्या आरोग्य केंद्राची नर्स. दोन खोल्या, एक वजनकाटा, भिंतीवर बाळांच्या वाढीचा तक्ता आणि कोपऱ्यात एकोणीस वर्षांचा, दाराचं रबर दोनदा बदललेला फ्रिज. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिच्या हातून लसीची एक बाटली वाया गेली नव्हती, आणि ही गोष्ट ती कोणाला सांगत नसे, कारण सगळ्यांना ती ठाऊक होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. फोटो बघून तिने उलट लिहिलं, “पट्टा छान आहे. सदरा इस्त्री करायचास.”

आणि मग एका शनिवारी दुपारी ताईच्या केंद्रातली वीज गेली. दर शनिवारी केंद्र एकला बंद व्हायचं. वीज गेली ती रविवारी संध्याकाळी आली. ताईचा फोन उशाशी, टेबलावर, ओट्यावर, जिथे ती तिथे. तो वाजला नाही.

सोमवारी सकाळी तिने दार उघडलं. बाहेर बाकावर सात बायका बाळं घेऊन बसल्या होत्या. आतला काटा सहा अंश दाखवत होता, अगदी साळसूदपणे, कारण वीज येऊन रात्र उलटली होती. पण ताईने बाटल्यांवरचे छोटे चौकोन बघितले. लस तापली की ते काळे पडतात आणि पुन्हा पांढरे होत नाहीत. तिने एक उचलली. दुसरी उचलली. तिसरी उचलल्यावर ती खुर्चीवर बसली. मग उठून बाहेर गेली, सात बायकांना परत पाठवलं, आणि भावाला फोन केला.

“तुझा फोन वाजला नाही रे.”

“नेटवर्क गेलं असेल ताई.”

“दोन दिवस मला शंभर जणांचे फोन आले. कुणी सासूच्या गुडघेदुखीचं सुद्धा विचारलं. तेवढा तुझाच आला नाही.”

थंडोबा तासाभरात पोहोचला. आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी पटकन पोहोचला. ताई बाटल्या मोजून खोक्यात भरत होती. तीनशे चाळीस. तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. तिने तो स्पीकरवर टाकला, कारण हात रिकामे नव्हते.

“नमस्कार मॅडम!” पलीकडून मधासारखा आवाज आला. “तुमचा फ्रिज जुना झालाय, बरोबर ना?”

“कोण बोलतंय?”

“मी कंपनीच्या विक्री विभागातून. आमच्याकडे शनिवारी दुपारी तीन चाळीसला नोंद आलीय, तुमचा फ्रिज अकरा अंशांवर गेला म्हणून. अशा केंद्रांसाठी आमच्याकडे नवीन मॉडेलची खास योजना आहे.”

ताईच्या हातातली बाटली तशीच राहिली. “शनिवारी कळलं होतं? मग शनिवारीच का नाही सांगितलंत?”

“मॅडम,” पोरगा खरोखर दिलगीर वाटला, “शनिवार रविवार विक्रीला सुट्टी असते.”

ताईने फोन बंद केला आणि भावाकडे बघितलं. त्याने तिथेच, वजनकाट्याशेजारच्या टेबलावर, लॅपटॉप उघडला आणि त्या चौदा हजार ओळींत शिरला. वीस मिनिटांत सापडलं. नऊ हजार चारशेव्या ओळीच्या आसपास, स्वच्छ, नीटनेटकं, वर दोन ओळी समजावणीसह. बारा वर्षांहून जुने फ्रिज यापुढे ‘बदलीस पात्र’ समजले जातील. ते तापले तर नर्सला फोन न करता कंपनीच्या विक्री विभागाला नोंद पाठवली जाईल. असे एकसष्ट जुने फ्रिज, कुंडल्यांसकट, बाजूला काढले होते. आणि खाली, प्रत्येक बदलाखाली असतं तसं, लिहिलं होतं, मंजूर: थंडोबा.

त्याने लॅपटॉप मिटला. ताईला म्हणाला, “बघतो मी यांच्याकडे.”

तळपायाची आग मस्तकात गेलेला थंडोबा कंपनीच्या कार्यालयात पोहोचला, तर तिथे त्याला कॉफी मिळाली. स्नेहप्रमुखाने त्याला बसू दिलं, ओरडू दिलं. मधे एकदा खिडकीचा पडदा सरकवला, त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून. मग म्हणाला, “सर, आम्ही काही लपवलं का?”

“पण हे असं आत घुसडायचं म्हणजे...”

“घुसडलं नाही सर. सात दिवस ठेवलं, तुमच्याच नियमाने. आम्ही अकरा दिवस वाट बघितली. खरं सांगू?” त्याने कपाटातून एक फाइल काढली. “आमच्या कायदा विभागाची खात्री होती की तुम्ही लोक या मुद्द्यावर रान उठवणार. आम्ही नऊ पानी उत्तर तयार ठेवलं होतं. फारच ताणलं तर हा भाग काढून टाकायचा, असंही ठरलं होतं. हे बघा, इथे लिहिलंय. पण कोणी विचारलंच नाही.”

थंडोबाने ती नऊ पानं हातात घेतली. शेवटच्या पानावर खरंच लिहिलं होतं, ‘समुदायाने हरकत घेतल्यास मुद्दा मागे घ्यावा.’ एक हरकत. एका ओळीची. फुकट मिळालेली, कोणीही उचलली नाही अशी. त्याला वाटलं, या माणसाने आपल्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

“आता मार्ग काढू या,” स्नेहप्रमुख म्हणाला. “आपण दोघं मिळून निवेदन देऊ. नेटवर्कमधला तात्पुरता अडथळा. कोणाचाच दोष नाही. तुमच्या ताईंचाही नाही. जुन्या फ्रिजांचा विचार पुढच्या तिमाहीत करू, अभ्यास करून.”

“आणि तोवर बाकीचे साठ फ्रिज?”

“त्यांच्याबद्दल कुठे काही तक्रार आहे?” स्नेहप्रमुखाने विचारलं, आणि खरं तर तो चुकीचं बोलत नव्हता.

निवेदनाचा कागद खिशात घेऊन थंडोबा ताईच्या घरी गेला. चौकशीची नोटीस आदल्याच दिवशी आली होती. नर्सने फोन बंद ठेवला असावा, असा खात्याचा कयास होता. ताई खिडकीशी बसून सव्वीस वर्षांच्या वह्या वर्षवार लावत होती.

“ताई, फोन वाजला नाही, कारण मी...” आणि त्याने सगळं सांगितलं. लोगोपासून.

त्याचं सांगून झाल्यावर ताई म्हणाली, “वाचलंच नव्हतंस?”

“चौदा हजार ओळी होत्या ताई.”

“मी रोज एकेक बाटली डोळ्यासमोर धरून वाचते. तारीख, क्रमांक, चौकोन. रोज. तुला ठाऊक आहे ना?”

“हो.”

“आणि तू कशावर भांडत होतास म्हणालास?”

“रंगावर.”

“किती दिवस?”

“अकरा.”

“अकरा दिवस रंगावर,” ताई म्हणाली, आणि मग ती इतकी चिडली की उभीच राहिली. “अरे, मी लोकांना सांगत फिरत होते, माझ्या भावाने केलंय, डोळे झाकून ठेवा भरवसा! सात बाळं परत गेली माझ्या दारातून. एक बाई तर डोंगरापलीकडून चालत आली होती. तिला मी काय सांगू, लोगो राखाडी झाला म्हणून?”

थंडोबाने खिशातलं निवेदन काढून टेबलावर ठेवलं. “यावर सही केली तर तुझ्यावरचं बालंट जाईल.”

ताईने ते वाचलं. सावकाश, बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत. मग परत त्याच्याकडे सरकवलं. “यात बाकीच्या साठ जणींना कोण सांगणार ते लिहिलेलं नाही.”

त्याच दिवशी थंडोबा साठ केंद्रांना फोन करत बसला. बाई, तुमचा फोन वाजणार नाही, काटा स्वतः बघत जा, चूक माझी आहे. साठ वेळा. काहींनी आभार मानले, आणि ते ऐकणं सर्वांत कठीण गेलं.

चौकशीच्या दिवशी तो ताईबरोबर गेला. चौकशी अधिकारी बाई चष्म्यावरून बघणाऱ्यांतल्या होत्या. समोर काचेचा पेला, त्यावर बशी, शेजारी फायलींची चळत. थंडोबाने छापून आणलेलं पान पुढे ठेवलं. ती ओळ, वरची समजावणी, खाली त्याचं नाव. “फोन बंद नव्हता. फोन करायचं काम मीच काढून टाकलं. न वाचता.”

बाईंनी पान वाचलं. “हे कुठे ठेवलेलं असतं?”

“इंटरनेटवर. सगळ्या जगाला दिसतं.”

“अजूनही?”

“हो. आमचं काहीच लपलेलं नसतं.” हे वाक्य त्याने नऊ वर्षं मान ताठ करून म्हटलं होतं. सवयीने मान ताठ झालीच.

“सगळ्या जगाला दिसत होतं, आणि कोणीच बघितलं नाही.” बाईंनी पेल्यावरची बशी काढली, घोटभर पाणी घेतलं. “मग लपवलेलं याहून निराळं काय असतं हो?”

याला प्राध्यापकांनी उत्तर दिलं असतं, तीन पानी.

ताई निर्दोष सुटली. पंधरा दिवसांत परिपत्रकही निघालं. त्यात लिहिलं होतं, हौशी मंडळींनी बनवलेले प्रोग्राम यापुढे बेभरवशाचे समजावेत. केंद्रांनी जबाबदार संस्थेचीच प्रणाली वापरावी. जबाबदार संस्था म्हणून कंपनीचं नाव होतं, कारण तिने प्रत्येक बदलाची संपूर्ण, स्पष्ट आणि वेळेवर समजावणी दिल्याचं चौकशीत आढळून आलं होतं. स्नेहप्रमुखाने थंडोबाला अभिनंदनाचा संदेश पाठवला, ताईंसाठी. त्यात एक फूलसुद्धा होतं.

परिपत्रक काही लगेच अमलात येत नाही, हे खात्यात बावीस वर्षं काढलेल्या थंडोबाला माहीत होतं. त्याने भागीदारी मोडली. कंपनी येण्याआधीच्या पहाराची एक वेगळी प्रत काढली. उघड्या कोडाची एवढी एक गोष्ट कोणाला हिरावून घेता येत नाही, कोणीही आपली प्रत काढून पुन्हा सुरुवात करू शकतो. तिच्यात जुने एकसष्ट फ्रिज परत घेतले, त्यांच्या कुंडल्या, नर्सचा फोन, सगळं. तीन हजार दोनशे ओळी झाल्या. सकाळी दहाला त्याने त्या चव्हाट्यावर ठेवल्या आणि लिहिलं, “कृपया वाचा. या वेळी खरंच वाचा.”

दहा वाजून चार मिनिटांनी पहिला वर केलेला अंगठा आला. दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत तेवीस आले. कोणी लिहिलं, ‘कंपनीला सणसणीत चपराक!’ कोणी बाहूचे फुगलेले स्नायू टाकले. प्राध्यापकांनी लिहिलं, ‘अप्रतिम. सविस्तर नंतर.’ शंकासुराने लिहिलं, “नजर टाकली. झकास.” वीस मिनिटांत तीन हजार दोनशे ओळी! थंडोबा पडद्याकडे बघत बसला. त्याला हसू येत होतं आणि हुंदकाही, आणि दोन्हींपैकी कोणतं आधी येऊ द्यावं हे त्याला कळेना.

साडेदहाला एक नवीन खातं उघडलं गेलं. नावाच्या जागी ‘नर्स’ एवढंच. त्या खात्यावरून एक संदेश आला.

“मी हे वाचलेलं नाही. वाचलं तरी मला कळणार नाही. म्हणून माझी हरकत आहे.”

मग शंकासुराने विचारलं की अशी हरकत नियमात बसते का. कोणीतरी नियम उघडला. पहारा वापरणारा कोणीही. हरकत मिटेपर्यंत बदल दारात उभा. कारण चांगलंच असायला हवं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणी या नियमाचा खरोखर उपयोग केला होता.

थंडोबाने फोन लावला. “ताई, मी वाचून दाखवू?”

“सगळं?”

“सगळं. कळणार नाही तिथे थांबव.”

“थांब, चष्मा घेते,” ताई म्हणाली, जणू तिलाच वाचायचं होतं.

तो वाचत गेला. ओळ वाचायची, ती काय करते ते साध्या भाषेत सांगायचं, ताईने ‘हं’ म्हणायचं, मग पुढची. पहिल्या शंभर ओळींना सव्वा तास लागला. एकशे बाराव्या ओळीला ताईच्या फ्रिजची कुंडली लागली. ती थंडोबाने स्वतः लिहिलेली, नऊ वर्षांपूर्वी, सगळ्यांत पहिली. नवखे ती नमुना म्हणून बघत.

“फ्रिज आठ अंशांवर गेला,” तो म्हणाला, “की दोन तास वाट बघायची, आणि मग फोन करायचा.”

पलीकडून ‘हं’ आलं नाही.

“दोन तास?” ताईने विचारलं. “का?”

“दार उघडलं की जरा तापतोच ना. लगेच फोन नको म्हणून.”

“अरे, पण माझा फ्रिज दोन तास धरतच नाही. त्याचं रबर दोनदा बदललं तरी पहिल्यापासून ढिलंच आहे. वीज गेली की पाऊण तासात सगळं संपतं.” ती थांबली. “तुझा फोन वाजला असता, तरी तो उशिराच वाजला असता.”

थंडोबाने आकडा बघितला. नऊ वर्षं तो तिथेच होता, उघड्यावर, जगासमोर. दोनशे अकरा जणांनी त्यावरून आपापल्या कुंडल्या बेतल्या होत्या. कंपनी तेव्हा कुठे नव्हती.

“तू कधी सांगितलं नाहीस,” तो कसाबसा म्हणाला.

“तू कधी विचारलं नाहीस.”

मग त्याने दोन तास खोडून वीस मिनिटं केली, आणि तिला तसं सांगितलं.

“हं,” ताई म्हणाली. “आता पुढची.”